आठवड्याला वीस हजार पत्रं, वाचणारे मूठभर

१९१५ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधल्या आघाडीवरून हिंदी शिपायांची आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं हिंदुस्थानात जायला निघत होती. पत्रं उर्दूत, हिंदीत, गुरुमुखीत, काही मराठीतही. सरकारचा हेतू असा की यातलं एकही पत्र तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये. त्यासाठी बूलोन बंदरात हिंदी टपालाचं सेन्सॉर कार्यालय थाटलं होतं आणि त्याचे प्रमुख होते कॅप्टन ई. बी. हॉवेल. हाताखाली माणसं मोजकी.

जरा हिशेब मांडून पाहा. शिपाई अनेकदा निरक्षर, त्यामुळं पत्र तुकडीतल्या लिहित्या माणसाकडून लिहून घेतलेलं. घाईचं अक्षर, गावाकडची बोली, नात्यागोत्याची नावं. असं एक पत्र फोडायचं, वाचायचं, समजून घ्यायचं आणि पुन्हा चिकटवायचं, याला तीन मिनिटं धरू. हा तर फारच कमी धरलेला वेळ झाला. वीस हजार पत्रांना साठ हजार मिनिटं, म्हणजे एक हजार तास. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास मान मोडून काम करणारी एकवीस माणसं लागतील, तीही अशी की ज्यांना चार लिप्या आणि दहा बोली येतात. एवढी माणसं हॉवेल यांच्याकडं कधीच नव्हती. म्हणजे पहिल्याच दिवसापासून वाचणं म्हणजे निवडून वाचणं होतं. दर आठवड्याच्या अहवालाला सुमारे शंभर पत्रांचे इंग्रजी उतारे जोडले जात. वीस हजारांतले शंभर, म्हणजे दोनशेत एक.

हे सगळं अंबाजोगाईत बसून लिहायचं कारण आहे. आपलं गाव तेव्हा कागदोपत्री मोमिनाबाद होतं. १८५३ च्या तहानंतर निजामाच्या खर्चानं आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज उभी राहिली, तिच्या घोडदळाचं एक ठाणं इथं होतं. १९०३ मध्ये ही फौज हिंदी लष्करात मिसळली आणि तिच्या रिसाल्यांना नवे क्रमांक मिळाले. त्यातलेच २० वा डेक्कन हॉर्स आणि २९ वा लान्सर्स १९१४ मध्ये फ्रान्सला गेले. या पलटणींत शीख आणि जाट होते, तसे आपल्या मुलखातले दखनी मुसलमानही होते. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या जंगलाजवळ २० व्या डेक्कन हॉर्सनं मशिनगनच्या जमान्यात भाले सरसावून हल्ला केला. या स्वारांची पत्रंही त्याच टेबलावरून पुढं गेली. दोन्ही रिसाले १९२१ मध्ये एक झाले. आज भारतीय लष्करात डेक्कन हॉर्स नावाची रणगाड्यांची पलटण आहे ती त्यांचीच वारस.

सेन्सॉर कार्यालय सुरू झालं ते मुळात शिपायांची पत्रं अडवायला नव्हे, तर शिपायांपर्यंत येणारं बंडखोर साहित्य अडवायला. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ‘गदर’ साप्ताहिक निघालं आणि जगभर विखुरलेल्या हिंदी माणसांच्या पत्त्यांवर जायला लागलं. सरकारची धास्ती पोकळ नव्हती. हॉवेल यांच्या टेबलावर वीस हजार पत्रं पडत होती त्याच मार्चमध्ये इकडं मेरठला १२ व्या घोडदळाच्या लाइनीत तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे बॉम्बसह पकडला गेला. अमेरिकेत शिकायला गेलेला, गदरमध्ये सामील होऊन परत आलेला हा मराठी तरुण त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. तेव्हा पलटणीत एखादं पत्र कुठून येतं आणि कुठं जातं हे सरकारला जाणून घ्यायचंच होतं. फक्त ते साधावं कसं, हा प्रश्न होता.

शिपाई काही कमी नव्हते. एकानं घरी कळवलं की इकडं हिंदुस्थानातून आणलेली काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत, पण तीही फारशी उरलेली नाही. वाचणाऱ्याला हे किराण्याचं रडगाणं वाटावं. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. एका वाक्यात दोन्ही फौजांची प्राणहानी, आणि पुढच्या भरतीला पोरं पाठवू नका हा न लिहिलेला सल्ला. हे पत्र सापडलं म्हणून आपल्याला माहीत आहे. अशी किती पत्रं खऱ्याच मिरचीची समजून पुढं गेली असतील? खुद्द हॉवेल यांनीच आपल्या अहवालात कबूल केलं होतं की पौर्वात्य पत्रव्यवहाराला सेन्सॉरची भिंत घालून तो अडवणं जवळजवळ अशक्य आहे.

का अशक्य, हे मराठी पत्र समोर ठेवलं की लगेच कळतं. आपल्या जुन्या पत्राचा मायना पाहा. ‘शि. सा. न. वि. वि.’ किंवा ‘सा. न. वि. वि.’. ‘इकडील क्षेम’ किंवा ‘येथील सर्व कुशल’. ‘मुलांस आशीर्वाद’ आधी की ‘वडील मंडळींस नमस्कार’ आधी. ‘कळावे’ की ‘अधिक काय लिहिणे’. ‘लोभ असावा’ की ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’. यातलं काहीही लिहिलं तरी कुणाची भुवई उंचावत नाही. आता दोघांनी आधीच ठरवलं की अशा प्रत्येक जागी पहिला पर्याय म्हणजे एक खूण आणि दुसरा म्हणजे दुसरी. अशा दहा जागा असतील तर १,०२४ वेगवेगळे निरोप जातात. वीस जागा असतील तर १०,४८,५७६. दोन पानी घरगुती पत्रात वीस जागा सहज सापडतात. साडेदहा लाख शक्यतांपैकी नेमका एक निरोप त्या पत्रात बसला आहे, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दिसतो तो फक्त भावानं भावाला केलेला नमस्कार.

यावर सेन्सॉरनं काढलेला उपायही ऐकण्यासारखा आहे. पत्र किंवा तार अडवायची नाही, तिच्यातले शब्द बदलायचे. अर्थ तोच ठेवायचा, खूण असेल तर मोडून जाईल. पहिल्या महायुद्धातली एक हकिकत या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ‘वडील वारले’ अशी तार आली. सेन्सॉरला शंका आली आणि त्यानं ती ‘वडील निवर्तले’ अशी करून पुढं पाठवली. थोड्याच वेळात पलीकडून उलट तार आली: ‘वडील वारले की निवर्तले?’

गुप्त लेखन आपल्याकडं काही इंग्रजांबरोबर आलं नाही. बोटांच्या खुणांची करपल्लवी आणि आकड्यांची अंकपल्लवी जुनीच. महानुभावांनी तर आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत राखले. सकळ लिपीचं तत्त्व सोपं आहे: एका अक्षराच्या जागी दुसरं ठरलेलं अक्षर. नुसती चौतीस व्यंजनं धरली आणि ती आपसांत हवी तशी बदलायची म्हटलं, तर किती किल्ल्या होतील? सुमारे २९५ च्या पुढं छत्तीस शून्यं, म्हणजे एकोणचाळीस आकडी संख्या. एक कोटी माणसं बसवली आणि प्रत्येकानं न झोपता दर सेकंदाला एक किल्ली लावून पाहिली, तरी सगळ्या किल्ल्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या, ६८ लाख कोटी पट काळ लागेल. आणि तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही लिपी सर्वांना खुली केली. कारण अशा लेखनाला किल्ल्या लावत बसावं लागत नाही. मराठीत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित. ‘आणि’, ‘तो’, ‘जो’ यांसारखे शब्द जागोजागी येतात. बुरखा कितीही जाड असला तरी भाषेची चाल लपत नाही.

मला यातली विसंगती फार मोलाची वाटते. एकोणचाळीस आकडी संख्येचं कुलूप उघडलं जातं, कारण ते कुलूप आहे हे दिसतं. वाचता न येणारा मजकूर दिसला की वाचणारा कामाला लागतो. मिरीला कुलूपच नाही. तिच्यावर संशय घ्यायचा तर प्रत्येक पत्रातल्या प्रत्येक मिरीवर, हळदीवर, म्हशीवर आणि मामाच्या आजारपणावर घ्यावा लागतो. तेवढा संशय कोणत्याही सरकारला परवडत नाही.

गुप्त लेखनाची दुसरी जात अदृश्य शाईची. लिंबाचा रस, दूध, तांदळाची पेज, यांनी लिहिलेलं वाळलं की दिसत नाही. लिंबाचं आणि दुधाचं लिखाण शेकलं की तपकिरी उमटतं; पेजेच्या लिखाणाला आयोडीन लागलं की निळं होतं, कारण त्यात स्टार्च असतो. आयोडीनच्या वाफेचा आणखी एक गुण असा की शाई कोणतीही असो, ओल्या टाकानं कागदाचे तंतू जिथं विसकटले असतील तिथं ती वाफ वेगळी बसते. नुसत्या पाण्यानं लिहिलेलंही त्यामुळं उघडं पडू शकतं. पुढं दुसऱ्या महायुद्धात तर अनेक ब्रश एकत्र बांधून, प्रत्येकाला वेगळं रसायन लावून, संशयित पत्रावरून एकदम आडवा हात फिरवत. कागदावर पट्टे उमटत आणि एखाद्या पट्ट्यात अक्षरं जागी होत.

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एक लिंबू ठेवलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीचं, वाळून काळं ठिक्कर पडलेलं, सुपारीसारखं टणक. १९१५ मध्ये कार्ल म्युलर नावाच्या जर्मन हेराची परदेशी पत्त्यावर चाललेली पत्रं टपाल सेन्सॉरनं पकडली. वरवर मजकूर साधा, ओळींच्या मध्ये लिंबाच्या रसानं लिहिलेली फौजेची माहिती. त्याच्याजवळ सापडलेल्या लिंबाला टाकाच्या निबेची भोकं होती. २३ जून १९१५ रोजी त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये गोळ्या घातल्या. भाजीबाजारात ढिगानं मिळणारं एक लिंबू न्यायालयात पुरावा म्हणून आलं आणि एक माणूस प्राणाला मुकला.

हा हेर किती टपालातून वेचून काढला? त्या युद्धात ब्रिटिश टपालातून सैनिकांसाठी ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं जात होती. पत्रं वेगळी करायला रीजंट्स पार्कमध्ये पाच एकरांचा लाकडी मांडव उभारला होता आणि त्यात अडीच हजार माणसं, बहुतेक बायका, काम करत. युद्धभरात दोनशे कोटी पत्रं आणि ११ कोटी ४० लाख पार्सलं. टपाल सेन्सॉरचं खातं युद्ध सुरू झालं तेव्हा जेमतेम होतं. संपताना त्यात सुमारे पाच हजार माणसं होती.

आता हाच हिशेब तुरुंगात कसा उलटा होतो ते पाहा. बाहेर पत्रं मोजता येत नव्हती म्हणून सरकार ती फोडत होतं. तुरुंगात सरकारनं पत्रंच मोजून दिली. लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथं १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाच महिन्यांच्या आत लिहून काढलं. पण कशावर आणि कशानं? सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या मिळत, त्यांची पानं आधी मोजलेली आणि आकडे घातलेली असत. शाई नाही, फक्त शिसपेन्सिल, तीही टोक करून दिलेली. यातली प्रत्येक गोष्ट सेन्सॉरच्या धास्तीतून आलेली आहे. सुटा कागद बाहेर जाऊ शकतो, म्हणून नाही. पान फाडलं तर आकडा बोलतो, म्हणून आकडे. शाईत दुसरी शाई मिसळू शकते, म्हणून शिसं. आणि टोक करायला चाकू लागतो. मराठीतला एक थोर ग्रंथ मोजलेल्या पानांवर उतरला आहे, हे तो हातात घेताना लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सावरकरांच्या वाट्याला याहून कठीण आकडा आला. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानला पोचले. तिथं वर्षाला एक पत्र. एक लिहायचं, एक यायचं, दोन्ही अधिकाऱ्यांनी वाचलेली. बूलोनला दोनशे पत्रांत एकाचा उतारा होत होता, इथं एकात एक वाचलं जात होतं. पोलादी पकड हवी असेल तर ती फक्त अशी मिळते, लिहिणाराच कोंडून. त्याआधी, १९०९ मध्ये, सत्तावनच्या समरावरचं त्यांचं पुस्तक छापून होण्यापूर्वीच सरकारनं बंदी घातली होती. तरी हॉलंडमध्ये छापलेल्या प्रती ‘पिकविक पेपर्स’ आणि ‘डॉन क्विक्झोट’ अशा खोट्या वेष्टनांत हिंदुस्थानात आल्या. बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये. सदतीस वर्षं कागदावर बंदी आणि सदतीस वर्षं पुस्तक हातोहात.

दुसऱ्या महायुद्धात यंत्रणा किती फुगली याचा अंदाज अमेरिकेच्या आकड्यांवरून येतो. तिथल्या सेन्सॉर खात्यात ऐन भरात १४,४६२ माणसं होती. नव्वद इमारतींत बसून ती दिवसाला दहा लाख टपाल-वस्तू फोडत. बर्म्युडा बेटावर एका आलिशान हॉटेलात ब्रिटिशांनी बाराशे माणसांचं केंद्र उभं केलं, आणि अटलांटिक ओलांडणारं टपाल तिथं उतरवून तपासलं. अमेरिकेच्या सेन्सॉरनं काय काय बंद केलं! टपालानं बुद्धिबळ खेळायला बंदी. शब्दकोड्यांना बंदी. स्वेटर विणायच्या सूचनांना बंदी, कारण ‘दोन सुलट, एक उलट’ हेही संकेत असू शकतात. सुटी तिकिटं पाठवली तर ती काढून तेवढ्याच किमतीची दुसरी घालत, कारण तिकिटांचा क्रमही निरोप होऊ शकतो. घड्याळांची पेटी जात असेल तर काटे फिरवून ठेवत. पूर्णविरामाएवढ्या ठिपक्यात अख्खं पान बसवणारे मायक्रोडॉट याच युद्धात सापडले.

एवढं करून हाती काय लागलं? अमेरिकेच्या केंद्रांतून ४,६०० संशयित पत्रं तपास खात्यांकडं गेली. त्यातली कमी-अधिक महत्त्वाची निघाली ती चारशे. दिवसाला दहा लाख म्हणजे वर्षाला साडेछत्तीस कोटी. सगळं युद्ध सोडा, एकच वर्ष धरलं तरी नऊ लाखांहून अधिक टपालामागं एक कामाचं पत्र. बाकीच्या प्रत्येक पाकिटात कुणाचं तरी बाळंतपण होतं, कुणाचं कर्ज, कुणाची आठवण, आणि ते परक्या माणसानं वाचलं होतं.

इकडं मोमिनाबादेत टपालाचा मामला आणखी गुंतलेला होता. निजामाचं स्वतःचं डाकखातं होतं, १८६९ पासून स्वतःची तिकिटं होती, आणि संस्थानात ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल कचेऱ्याही चालत. दोन सरकारं, दोन टपालं. १९५० मध्ये निजामाचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं. मधल्या काळात संस्थानानं पत्रांपेक्षा माणसांच्या तोंडावरच पहारा बसवला. ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी परिपत्रकानं परवानगीशिवाय सभा घ्यायची सोय ठेवली नाही. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आली. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ त्याच साली शाळा सोडून हैदराबादला गेले आणि सत्याग्रहात तुरुंगात पडले. सगळं वाचणं जमत नाही, तिथं राज्यकर्ते बोलणं आणि जमणं बंद करतात; इंग्रजांनी एका टोकानं केलं ते निजामानं दुसऱ्या टोकानं.

पत्र फोडायचा इंग्रजांचा कायदा १८९८ चा, त्याचं कलम २६. स्वातंत्र्यानंतरही तो चालूच राहिला. १८ जून २०२४ रोजी नवा टपाल कायदा अमलात आला तेव्हा जुना गेला; फोडण्याचा अधिकार नव्या कायद्याच्या कलम ९ मध्ये आहेच.

हॉवेल यांच्या कार्यालयाला कट फारसे सापडले नाहीत. सापडलं ते दुसरंच: थंडी, भीती, घरची ओढ, फ्रेंच बायकांचं वागणं बघून आपल्या मुलींना शिकवावं असं वाटू लागलेला शिपाई, मेलेल्या सोबत्यांची नावं. ते इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्या शिपायांच्या मनात काय होतं हे कळायला आज त्यांच्याइतका मोठा आधार नाही. ज्यांना इतिहासानं कधी नाव दिलं नसतं त्यांचं बोलणं, त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांनी जपलं. पण ते भाषांतर आहे, निवडलेलं आहे, तुटक आहे. मूळ पत्रं घरोघर पोचली होती.

म्हणून अंबाजोगाई, परळी, केज, धारूरच्या जुन्या घरांना एक विनंती. माळ्यावरच्या पेटीत, दस्तांच्या रुमालात उर्दू, मोडी किंवा वळणदार देवनागरीत लिहिलेली लष्करी पत्रं असतील, ‘पास्ड सेन्सॉर’ असा शिक्का असेल किंवा पाकिटाच्या कडेला ‘ओपन्ड बाय एक्झॅमिनर’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर ती रद्दीत घालू नका. वाचता येत नसली तरी चालेल. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, पाकीट पत्रापासून वेगळं करू नका, तिकीट सोडवू नका, आणि मोडी किंवा उर्दू जाणणाऱ्या कुणाला तरी एकदा दाखवा.